तेराव्याचा जोडा

माणसाचा चेहरा मी विसरतो, सोल विसरत नाही. अमरावतीच्या इतवाऱ्यात माझं जोड्यांचं दुकान आहे, नवे विकतो, जुने दुरुस्तही करतो. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या टाचा पाहून पाठ वाकली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला येड्यात काढाल.

चिंतामण गुरुजी माझा शाळेपासूनचा दोस्त. लोकांना गुरुजी, मला चिंत्या. घरची भिक्षुकी त्याच्याकडे आली, त्यातही बहुतेक दहावं-तेरावं. ढेरपोट्या, सपाट पायाचा, जिना चढला की कठडा धरून उभा राहणारा माणूस. तेराव्याला घरचे लोक ब्राह्मणाला छत्री देतात, जोडा देतात. गेलेल्याला पुढं तापलेल्या वाटेनं चालायचं असतं म्हणे. चिंत्या तो जोडा सरळ माझ्या दुकानात आणून टाकायचा आणि वर्षभर माझ्याकडून चपला न्यायचा. चार महिन्यांत चपलेची आतली कड साफ. सपाट पायवाले आतूनच झिजवतात.

गेल्या जूनमध्ये त्यानं पिशवीतून निळे पळायचे बूट काढले आणि मी हातातला चहा खाली ठेवला. ते मीच विकले होते, पियुषला.

पियुष म्हणजे अनसूयाबाईंचा एकुलता एक. पतसंस्थेत नोकरी करायचा. जानेवारीत अकोल्याला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळणार होता, बेचाळीस किलोमीटर. त्याच्या जुन्या बुटांच्या डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा पार गेला होता. मी त्याला चिडवलं होतं की अर्धा भातकुली रोड तूच खरवडला असशील. नवे बूट घेऊन तो हसत गेला. शर्यत जवळ आली की काढतो म्हणाला. आठ दिवसांनी त्याच रोडवर पहाटे पळताना त्याला टिप्परनं उडवलं. नव्या बुटांची नाडीसुद्धा ओवलेली नव्हती.

"हे विकू नको," चिंत्या म्हणाला आणि स्टुलावर बसला. दान घेताना तो नेहमीचं वाक्य बोलून गेला होता, की हा जोडा माझ्या पायात पडला की त्याच्या पायात पोचतो. लोक मान डोलावतात आणि पानावर बसतात. अनसूयाबाईंनी मान डोलावली नाही.

"मंग तुमी पया, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्याची शर्यत रायली हाये. रोज मले तो अनवाणी दिसून रायला."

आणि आमचा शहाणा, पुढच्या घरी जायची घाई होती म्हणून, हो म्हणून बसला. मी म्हटलं, सोडून दे, बाई दुःखात आहे. तो म्हणाला, सोडता येत नाही. त्या रोज संध्याकाळी फोन करतात आणि विचारतात, आज कुठवर गेला? माझ्याबद्दल विचारत नाहीत रे त्या, तो म्हणाला.

मग पहाटे भातकुली रोडवर ते निळे बूट घालून एक भटजी पळायला लागला आणि मागं स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मी. पहिला महिना तो या खांबापासून त्या खांबापर्यंत पळायचा आणि पुढचे चार खांब चालायचा. मी पोटभर हसून घेतलं. पोळ्यापर्यंत दहा किलोमीटर झाले, दिवाळीपर्यंत वीस. पोट गेलं, गाल बसले, थट्टा बंद झाली. टिप्परवाली जागा आली की तो उजवीकडं सरकायचा आणि डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडायचा. कोणासाठी सरकतोस, मी एकदा विचारलं.

"डावीकडून श्वास ऐकू येते," तो म्हणाला.

तुझाच असेल, मी म्हटलं. माझ्या दीनात, म्हणजे धर्मात, गेलेला माणूस रस्त्यावर पळत नाही. तरी त्या जागेवर मी स्कूटरचा वेग वाढवायचो आणि येत होत्या तेवढ्या दुआ म्हणायचो. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात पुढून सोल सुटला म्हणून त्यानं बूट दुकानात टाकले. मी ते उलटे केले. आतली कड जशीच्या तशी होती. डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा गेला होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाची चाल पाच महिन्यांत बदलत नाही, आणि बदललीच तरी नेमकी त्या पोराच्या चालीवर जात नाही. चिंत्याला सांगितलं असतं तर तो घाबरून तिथंच थांबला असता, आणि त्या माउलीचं लेकरू अनवाणीच राहिलं असतं. मी सोल चिकटवला आणि गप्प बसलो.

जानेवारीत अकोल्याला तो शेवटून तिसरा आला. मंडपवाले बांबू सोडत होते. अनसूयाबाई सकाळपासून शेवटच्या रेघेपाशी उभ्या होत्या. चिंत्या आला तो रेघ ओलांडून तिथंच बसला. बाई खाली बसल्या, स्वतःच्या हातानं त्याच्या नाड्या सोडल्या, बूट काढले.

"पोचला का माया पोरगा?"

तीस वर्षं हा माणूस दारोदार 'पोचलं' म्हणत आला. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि रडायलाच लागला. "मले नाही मालूम, बाई."

बाईंचा चेहरा असा उतरला की मला पाहवेना. मी त्यांच्या हातातला डावा बूट घेतला, उलटा केला आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा गेला आणि तिथंच फिरत राहिला.

"शाळेतले बूटबी इथूनच झिजवायचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो बूट पदराखाली घेतला, लहान पोराला घ्यावं तसा, आणि पहिल्यांदा मोकळ्यानं रडल्या.

बूट त्यांनी परत दिले नाहीत. माझी गाडी मैदानाच्या पलीकडं उभी होती, चिंत्या अनवाणीच तिकडं निघाला. मी मागं चालत होतो. धुळीत त्याची पावलं उमटत होती, सपाट, पुरी, त्याची एकट्याची.