हक्कवाल्यांच्या ऑफिसात

जिथं दोन वकील रोज एका टेबलावर जेवतात, तिथं किस्से साचायला वेळ लागत नाही. दिल्लीतल्या ज्या ऑफिसात मी चहा-जेवण बघते, ते मानवी हक्कांचं. सुरक्षेच्या नावाखाली सरकारनं माणसाला कुठवर त्रास द्यायचा, आणि जगातल्या देशांनी सह्या केलेले करार त्याला कुठं अडवतात, यावर इथं दिवसभर काथ्याकूट. पुण्याच्या सुनीता मॅडम आणि सोलापूरचे शेख सर, दोघंही वकील. मी सातवी शिकलेली, पण चहा देताना कान काही बंद ठेवता येत नाहीत.

डोळा मात्र मोबाईलवर. माझी पाच वर्षांची ओवी जवळच्या पाळणाघरात असते आणि तिथला कॅमेरा फोनवर दिसतो. ती दिसली नाही की माझी फोडणी करपलीच समजा.

* * *

आमच्या गेटवर रोज बॅग तपासतात. एकदा मॅडमनी गार्डला थांबवून समजावलं, की कारण नसताना कुणाची झडती घ्यायची नसते, खासगीपणा हा हक्क आहे.

त्यानं सगळं मान डोलवत ऐकलं. म्हणाला, "बिल्कुल सही बात है मॅडमजी. अब बॅग खोलिए."

* * *

थंडीत एक मांजराचं पिल्लू ऑफिसात शिरलं. घरमालक म्हणाले, "इसे बाहर निकालो." खाली गल्लीतली कुत्री टपून बसलेली.

शेख सर उभे राहिले. "जिथे जान का खतरा हो, वहाँ किसी को वापस नहीं भेजते. पूरी दुनिया का नियम है."

"तो अपने घर ले जाओ यार."

सर खाली बसले. मला हळूच म्हणाले, "ताई, आमच्या घरच्या सरकारनं आश्रय नाकारलाय."

* * *

परदेशातून एक पाहुणे आले होते. त्यांनी मॅडमकरवी मला विचारलं, तुम्हाला सगळ्यात मोठा हक्क कुठला वाटतो?

मी म्हटलं, "रविवारी झोपायचा."

मला वाटलं हसतील. पण मॅडम गंभीर होऊन म्हणाल्या, "अगं मीनल, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात आहे तो. विश्रांतीचा हक्क."

घरी येऊन मिस्टरांना ऐटीत सांगितलं. ते मानेसरच्या कारखान्यातून दमून आलेले. म्हणाले, "असेल. मी कुठं सही केलीय त्याच्यावर? चहा टाक."

* * *

एकदा पाळणाघराला सुट्टी होती म्हणून ओवीला सोबत नेलं. तिनं शेख सरांना पँट्रीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली.

सर आतून म्हणाले, "ओवी, कुणाला डांबायचं असेल तर आधी कारण सांगावं लागतं."

"तुम्ही माझा लाडू खाल्ला."

"पुरावा?"

"मिशीला लागलाय."

सर म्हणाले, "मला वकील हवा."

* * *

आणि परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मॅडमची मोठी केस होती, रस्त्यावर चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या विरोधातली. सकाळपासून त्या सरांपुढे सराव करत होत्या, की सुरक्षा सुरक्षा म्हणून माणसावर चोवीस तास नजर ठेवता येणार नाही.

तेवढ्यात माझ्या फोनवरचं चित्र पांढरं झालं. नुसतं पांढरं. पाळणाघराला फोन लावला, कुणी उचलेना.

मॅडमनी फाईल टाकली, गाडीची किल्ली घेतली. "चल." सरही मागोमाग. गाडीत मॅडम फोन लावतच होत्या. शेवटी कुणीतरी उचलला, तशा त्या कडाडल्या, "कॅमरा क्यों बंद है? हमारी बच्ची हमें हर मिनट दिखनी चाहिए!"

मागून सर म्हणाले, "मॅडम, हे वाक्य उद्या समोरचा वकील वापरेल."

"शेख, गप्प बसा."

पाळणाघरात पोचलो तर सगळी मुलं खिचडी खात होती. ओवीसुद्धा, मजेत. कॅमेऱ्यावर तेवढा पांढरा टॉवेल टाकलेला. तिथली दीदी घाबरून म्हणाली, "इसी ने डलवाया. ज़िद पकड़ ली थी."

मी ओवीला पोटाशी धरलं. रडू आवरेना. मॅडम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "असं का केलंस गं? आई किती घाबरली."

ओवीनं घास गिळला. म्हणाली, "माझ्या फ्रॉकवर पाणी सांडलं होतं. मी कपडे बदलत होते ना."