परक्या लग्नांचा प्रेक्षक

शहाद्याच्या बसस्थानकामागे एक गृहस्थ जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये उतरवून देतात. कॅसेट पूर्ण चालवल्याशिवाय उतरत नाही, त्यामुळे अख्ख्या तालुक्याची लग्नं त्यांनी जांभया देत पाहिली आहेत.

माझ्या लग्नाच्या फितीला बुरशी लागली होती, आणि माझे दिवंगत वडील चालते-बोलते उरले होते ते फक्त तिच्यातच.

"एकदाच चाली, मंग तुटी जाई," कापसाने फीत पुसत ते गृहस्थ म्हणाले.

धास्तीने माझी बडबड सुरू झाली.

"गप बसा ना भाऊ! लगीन तुमनं, शिक्षा माले!"

पडद्यावर वडील वरातीत बेभान नाचले. नाच संपला आणि फीत तुटली.

गृहस्थांनी संगणकात पाहिलं, लाल झालेले डोळे चोळले.

"उतरना तुमना बाप. आते त्याले कितीबी नाचू द्या, तो थकस नही. मीच थकनू."