चितरीखाली अकरा अंडी

माझ्यासारखा कोंबडी बसवणारा अख्ख्या नांदुरा तालुक्यात नाही. (हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!)

आमची बुढी, म्हणजे बायको, गेली तेव्हा तिच्या मागं दोन शेळ्या, नऊ कोंबड्या आणि मी, एवढं राहिलं. शेळ्या लेकीनं वडनेरला नेल्या. आठ कोंबड्या मुंगसानं आणि कुत्र्यानं नेल्या. मला कोणी नेलं नाही. उरली एक चितरी, बुढीनं तळहातावर कण्या चारून वाढवलेली.

लेक मंगला आली आणि तोंडावर म्हणाली, "बाबा, तुमच्यानं कोंबड्या होत नाहीत. चितरीले मी घेऊन जाईन."

"हात तर लावून पाहाय!" मी म्हणालो. "पिल्लं काढून दाखवतो. नाही निघाली त मंग ने!"

बोलून तर बसलो! चितरी गेली असती, तर बुढीच्या हातचं चालतं-फिरतं असं अंगणात काहीच राहिलं नसतं. (मी राहिलो असतो, पण गुडघ्यांमुळं मला चालता-फिरता म्हणता येत नाही.)

आठ दिवसांत चितरी खुडूक झाली. म्हणजे अंडी बंद, पिसं फुगवून एका जागी बसणं आणि जवळ येईल त्याच्यावर गुरगुरणं. बुढी कशी बसवायची, ते मला तोंडपाठ होतं. टोपल्यात राख, राखेवर कुटार, म्हणजे भुसा. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा. मी दोन खिळे ठेवले! अंडी विषम पाहिजेत, म्हणून अकरा.

घरात अंडी मात्र चारच. (बाकीची मी खाल्ली होती.) मग दुकानातून सात आणली. पांढरीशुभ्र, एकसारखी! म्हटलं, चला, अंगणात नवी जात येईल.

एकवीस दिवस मी टोपल्यापासून हललो नाही. ऊन आलं की छत्री धरायचो. चितरी दाणे खायला उठली आणि जरा रेंगाळली, की मीच तिला हाकलत आणायचो. पुतण्याच्या लग्नालाही गेलो नाही.

शेजारच्या जिजाबाईनं विचारलं, "भाऊजी, लग्नाले काऊन नाही गेले?"

"घरी बाळंतीण हाय!"

एकविसाव्या दिवशी चार गावरान अंड्यांतून तीन पिल्लं निघाली. काय सांगू! मी गावात पेढे वाटले. पांढऱ्यांची मात्र हालचाल नाही. बावीस झाले, तेवीस झाले. एकेक अंडं कानाला लावून बसलो होतो, तेवढ्यात जिजाबाई आली.

"हे पांढरे कुठले जी?"

"दुकानचे."

"अवो माय! पोल्ट्रीतल्या त्या कोंबड्यायनं जलमात कोंबडा पाह्यला नाही. पिल्लं कुठून निघतीन?"

"कोंबडा लागते?"

जिजाबाई ओट्यावर बसली ती पदर तोंडात कोंबूनच. "बाप्पा! अन् मंगला कशी झाली, भाऊजी?"

"थे सगळं बुढीच पाहे!" मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर बसलो की कोणीतरी विचारायचं, "आबा, पांढरे फुटले का?" फुटले! उकिरड्यावर नेऊन मीच फोडले, नाक दाबून!

पण तीन म्हणजे तीन. मुंगसाच्या वाटेवर मी खाट टाकली. घारीसाठी काठी, कुत्र्यासाठी चप्पल. तिनांतलं एकही जाऊ दिलं नाही. बुढीचीही दोन-चार जायची! (ती असती तर हे वाक्य लिहायची हिंमत झाली नसती. असती, तर बरं झालं असतं.)

अडीच महिन्यांनी मंगला पाहायला आली. एकेक पिल्लू उचललं, पंख पाहिले, तुरा पाहिला, खाली ठेवलं. मी चितरीपुढं आडवा उभा.

"कबूल, बाबा," ती म्हणाली. "चितरी इथंच राहू द्या. मायनंही इतकं जपलं नसतं."

मी मिशीवरून हात फिरवला.

"पण बाबा, तिन्ही कोंबडे हायत!"

तर आता घरात आम्ही चार गडी. छाती काढून अंगणभर फिरतो, पहाटेपासून ओरडतो, एकमेकांवर धावून जातो. कामाचं एक अंडं काय ते एकटी चितरी देते!