चाचांचं आभारप्रदर्शन

राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाची व्याख्यानमाला भरते ती ऊसतोड ऐन भरात असताना. ऐकायला माणसं जेमतेम आणि बाहेर ट्रॅक्टरांचा गोंगाट, तरी आम्ही ती सोडत नाही. यंदा एक दिवस माझ्या गळ्यात पडला. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई गावात आयती सापडते, तिला कोण सोडतंय?

विषय मात्र मीच निवडला. मुसलमानांसाठी वेगळी भूमी मागणारा एक कवी, विचारवंत. त्याचं नाव काढलं की लोक लगेच तोंड वाकडं करतात आणि त्याच्या आयुष्याबद्दल कुणाला काडीची माहिती नसते, याचा मला फार दिवसांचा राग होता.

तासभर बोलले. तरुणपणी याच देशावर जीव टाकणाऱ्या कविता त्याने लिहिल्या. परदेशी जाऊन शिकून आला आणि पुढे राष्ट्र या गोष्टीचीच त्याला धास्ती वाटू लागली. बहुसंख्यांच्या राज्यात आपल्या माणसांना कायम दुसऱ्यांच्या मर्जीवर राहावं लागेल, या भीतीने त्याला घेरलं आणि त्यातून ती मागणी आली. मागणी चुकीची होती असं माझं मत आहे. ते मी लपवलं नाही, पण भीती खोटी नव्हती हेही ठणकावून सांगितलं. फाळणी बघायला तो उरला नाही. लोक शांतपणे ऐकत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

आभार मानायचे होते चाचांनी. चाचा म्हणजे आमचे शेजारी, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळून देणारे. गावातल्या निम्म्या विहिरींचं पाणी त्यांच्या हातच्या मोटारी उपसतात. व्याख्यानमालेचे आभार त्यांनीच मानायचे, ही आमच्याकडची रीत. माईकवाल्यापासून सतरंज्या झटकणाऱ्यापर्यंत ते कुणाला विसरत नाहीत आणि शेवटी वक्त्याला एक कोपरखळी मारून लोकांना हसवत घरी पाठवतात. माझ्या वाट्याला कोणती येते, याची मी वाटच पाहत होते.

त्याआधी प्रश्नोत्तरं होती. पुढच्या रांगेतला एक तिशीचा बागायतदार उठला. मला वाटलं, आता हा माझी हजेरी घेणार. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाचांकडे वळून म्हणाला, "चाचा, तुमाला तवा येगळा देश मिळाला हुता ना? मंग तुमी लोक गेले का न्हाई?"

आवाजात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. मोटार कधी मिळेल, असं विचारावं तसं विचारलं. मी हादरले ती त्यामुळेच. फाळणी झाली तेव्हा चाचांचा जन्मही झाला नव्हता. त्यांचे आजोबा-पणजोबा इथल्याच मातीत गेले. मी माईक ओढला आणि म्हणाले, "व्याख्यान मी दिलंय. प्रश्न मला विचारा."

शेजारी बसलेल्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी हाताने मला थांबवलं. "असू द्या मॅडम. चाचा आपलेच हायेत, त्यांना काय राग येतोय?"

सगळा मांडव चाचांकडे बघत होता. रोज त्यांच्या दुकानात बसून चहा पिणारी माणसं होती ती. संतापाने माझे कान तापले.

चाचा उठले. प्रश्नाला उत्तर न देता सरळ आभाराला लागले. मांडववाला झाला, माईकवाला झाला, चहावाला झाला, मी झाले. कोपरखळी आली नाही. मग म्हणाले, "आणि शेवटी गावाचे आभार. तुम्ही आम्हाला इथं राहू दिलं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. चाचा, हे काय बोलता, म्हणेल. निदान त्यांचा दोस्त म्हणवणारा एखादा तरी मान खाली घालेल.

टाळ्या पडल्या. तोंडदेखल्या नाहीत, चांगल्या मनापासून. प्रश्न विचारणारा तर उभा राहून वाजवत होता. चाचा हात जोडून खाली बसले. माझे हात मांडीवरून हलेनात. अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले, त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. म्हणाले, "चाचा आज लई चांगलं बोलले, न्हाई का?"