गंगाक्कांचे तांदूळ

गंगाक्का सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या शेवटी आत येत. येळ्ळूरची पहिली बस पकडून त्या आमच्या बेळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचत, तेव्हा झाडलोटसुद्धा व्हायची असे. पण नजर तपासायला हाक मारली, की बाकावर शेजारी बसलेल्याला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "जावा तुमी आदी. मला काय घाई न्हाय." हा मला त्यांचा मोठेपणा वाटे. मोठेपणा होताच, पण त्यात लबाडीही मिसळलेली होती, हे कळायला भाताचा घास खावा लागला.

मी या दवाखान्यात नजर तपासते. तेव्हा आमचे डॉक्टर एका अभ्यासात गढले होते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज येते. तिच्यावरचं इंजेक्शन ठरल्या वेळी देतच राहावं, की नजर उतरेल तेव्हाच दिलं तरी भागतं, हे त्यांना पाहायचं होतं. गंगाक्का दुसऱ्या गटात होत्या. दर महिन्याला मी तक्ता दाखवायचा आणि नजर उतरली तरच पडद्याची तपासणी होऊन इंजेक्शन मिळायचं. त्यांचा डावा डोळा आमच्याकडे येण्याआधीच गेला होता. जे काही होतं ते उजव्यावर.

अभ्यासात घेताना डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं, नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडा. आक्कांना ते मुळीच आवडलं नाही. "मधनंच उठायचं? पंगतीत बसल्यावर ताक-भात हुईस्तोर उठू ने, डाक्टरसाब." वर त्यांनाच न्याहाळून म्हणाल्या, "लई वाळलासा. घरात जेवाय घालत न्हाईत व्हय?" डॉक्टर एवढे लाजले की सही घ्यायची विसरले.

तांदूळ निवडावेत तर गंगाक्कांनी. येळ्ळुरात लग्न निघालं, की बायका त्यांना मधोमध बसवून सूप पुढ्यात ठेवत. सुगी झाली की आम्हालाही त्यांच्या शेतातला बासमती मिळे, निवडून, स्वच्छ. घरी आई तो पुन्हा निवडायला गेली, तर मीच तिला हटकत असे.

त्या वर्षी मात्र डब्यातल्या भातात खडा लागला. मला वाटलं, एखादा राहिला असेल. पुढच्या घासाला पुन्हा कचकन आवाज आला. डॉक्टर समोरच जेवत होते. त्यांना सांगितलं, तर हसायचं सोडून त्यांनी डबा बाजूला सरकवला. "तक्त्यावर कुठपर्यंत वाचतात आक्का?"

"अगदी खालपर्यंत. एकही चूक नाही."

"मग खडा कसा दिसला नाही?"

आमच्या तक्त्यावर अक्षरं नसतात. दात्यांच्या फणीसारखी एकच खूण असते, कुठे वर तोंड केलेली, कुठे डावीकडे. दाते जिकडे, तिकडे हात दाखवायचा. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कपाटातला दुसरा तक्ता लावायला सांगितला आणि आक्कांना सगळ्यांच्या आधी आत बोलावलं. त्या ऐटीत खुर्चीवर बसल्या आणि हात हलवू लागल्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सगळं जुन्या तक्त्याचं.

"आक्का, हा तक्ता नवा आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

आक्कांचा हात हवेतच राहिला. मग तो मांडीवर आला.

"भायेरच्या बाकावरनं लोकांचं हात दिसतात," त्या म्हणाल्या. "पाठ केलं."

"का पण?"

"तुमी एवढा जीव तोडून औशीद घालतासा. मी न्हाय दिसत म्हटलं, तर तुमचं नाव खाली जातंय न्हवं? खाल्ल्या मिठाला जागाय नको?"

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं. "आक्का, माझ्या नावाचं राहू द्या. तुम्ही दिसतंय म्हणालात म्हणून तुमचं इंजेक्शन थांबलं. हा डोळा गेला तर मी काय करू? आणि तुमच्या उत्तरावर विसंबून उद्या दुसऱ्यांचंही औषध थांबवीन."

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. "मंजे खोटा मान दिला म्हणा की," त्या पुटपुटल्या. मग ताठ बसल्या. "इच्यार आता."

मी एकेक खूण विचारत गेले. वरच्या दोन ओळी झाल्या आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "न्हाय दिसत." एवढं खरं उत्तर त्या खोलीत फार दिवसांत आलं नव्हतं.

पडद्याला सूज होतीच. त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. त्यांची आधीची मोजमापं डॉक्टरांनी अभ्यासातून बाजूला काढली आणि खोलीच्या दाराला जाड पडदा लावून घेतला. आक्का त्यानंतर हाक आली की पहिल्या उठत आणि बाहेर येऊन बाकावरच्यांना दम भरत, "खरं सांगा रं! डाक्टर काय पावना हाय, मन राखाय?" नजर पूर्ण परतली नाही. खालच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. पण पुढच्या सुगीचा तांदूळ घेऊन आल्या, तेव्हा पिशवी माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता खा बिनघोर. बोटानं चाचपून निवडल्यात."

यंदा तांदूळ त्यांची सून घेऊन आली. गंगाक्का झोपेतच गेल्या होत्या. "शेवटची पिशवी हाय," ती म्हणाली. "आत्यांनीच निवडल्यात. तुमच्या नावानं बाजूला ठेवलते."

घरी आईनं सवयीनं निवडायला ताट पुढे ओढलं. मी ते काढून घेतलं आणि तांदूळ तसेच धुऊन कुकरला लावले. आम्ही दोघी पोटभर जेवलो. दाताखाली एकही खडा आला नाही.