डावा रकाना

बावीस वर्षं चर्चमध्ये पाळक म्हणून सेवा केल्यावर मला पुन्हा शाळेत घातलं, तेव्हा दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. वरून पत्र आलं होतं. सगळ्या पाळकांनी वर्षभर, महिन्यातून एका शनिवारी, चिंचवडला अभ्यासवर्गाला हजर राहायचं. विषय काय, तर आजारी आणि दुःखी माणसाची भेट कशी घ्यावी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी दवाखान्यांतले वॉचमन मला ओळखतात, आणि आता मला खाटेजवळ बसायला शिकवणार होते.

त्यात शिकवणाऱ्या बाई ना पाळक, ना धर्मशास्त्राच्या प्राध्यापक. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या त्या. बारीक अंगाच्या, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. समोर आम्ही बारा-तेरा पाळक, बोलण्यावरच ज्यांचं पोट चालतं असे. माझ्या शेजारी देहूरोडचे आमचे ज्येष्ठ पाळक बसायचे. लष्करी छावणीच्या गावात, कवायतीच्या आरोळ्यांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना माईक कधी लागला नाही. पहिल्याच शनिवारी ते माझ्या कानात म्हणाले की पुढच्या वेळी इंजेक्शन द्यायलाही शिकवतील. कानात म्हणाले खरं, पण अख्ख्या वर्गाने ऐकलं.

सिस्टर नुसत्या हसल्या आणि काम देऊन मोकळ्या झाल्या. पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने आपल्या एका भेटीची नोंद लिहून आणायची. कागदाचे दोन रकाने करायचे. डाव्यात समोरचा माणूस जे बोलला ते, उजव्यात आपण जे बोललो ते. आठवेल तसं, सजवायचं नाही.

मी मनातून खूष झालो, कारण माझ्याकडे एक उत्तम भेट तयार होती. निदान तेव्हा मी तिला उत्तमच समजत होतो.

माझ्या मंडळीतला एक माणूस चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करायचा. जालन्याकडचा, चाळिशीतला, काळेवाडीत दोन खोल्यांत राहणारा. प्रेसमध्ये त्याची बोटं गेली. जखम भरत आली तरी तो घराबाहेर पडेना. कारखान्याने स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं होतं, त्यालाही तो ना हो म्हणेना, ना नाही. त्याच्या बायकोने रविवारी उपासनेनंतर मला गाठलं. म्हणाली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, ताटातलं तसंच निवून जातं, मला भीती वाटते. दुसऱ्याच दिवशी मी गेलो. चाळीस मिनिटं बसलो, होतं नव्हतं ते सगळं ज्ञान त्याच्यापुढे ओतलं. जीव वाचला याबद्दल देवाचे आभार मानायला सांगितलं, शेवटी लांबलचक प्रार्थना केली. निघताना तो "बरंय" म्हणाला. त्याला शांती मिळाली असं समजून मी कॉलर ताठ करून जिना उतरलो.

ही नोंद मी सुवाच्य अक्षरात लिहून नेली. सिस्टरनी ती आम्हा दोघांना वाचायला लावली. उजवा रकाना मी आणि डावा रकाना देहूरोडच्या साहेबांनी.

मी सुरुवात केली. पहिलं पान संपलं तरी साहेबांची पाळी येईना. ते बिचारे कागदावर बोट ठेवून वाट बघत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांना एक "हं" मिळाला, तो त्यांनी मोठ्या उत्साहाने वाचला. वर्गात कोणीतरी फिसकलं. तिसऱ्या पानावर "चहा घ्या" आलं, आणि अगदी तळाशी ते "बरंय". बस्स. तोवर हसणं थांबलं होतं. मलाच माझा आवाज ऐकवत नव्हता, पण मध्येच थांबणार कसा, वाचत राहिलो.

सिस्टरनी एकच प्रश्न विचारला. "पाळकसाहेब, बोटं कोणत्या हाताची गेली?"

मला सांगता येईना. चाळीस मिनिटं मी त्या माणसाच्या उशाशी बसलो होतो. त्याचा हात गोधडीखाली होता, की समोर होता, उजवा होता, की डावा, मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि खरं सांगतो, लाजेच्या आधी राग आला. बाईंचा आला, पत्र पाठवणाऱ्यांचा आला, "हं" वाचणाऱ्या साहेबांचाही आला. काळेवाडी फाट्याच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा हॉर्न वाजवून मी तो सगळा राग समोरच्या टेम्पोवर काढला. घरी पोचेपर्यंत फक्त लाज उरली होती.

मंगळवारी दुपारी मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. बायकोने दार उघडलं आणि हळूच म्हणाली की ते बोलत नाहीत, साहेब. मी म्हटलं, मग मीही नाही बोलत. खुर्ची ओढून बसलो. या वेळी आधी पाहिलं. डावा हात, अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेलेली. मी विचारलं, दुखतं का. तो काही बोलला नाही. मग मीही गप्प बसलो.

हे लिहायला सोपं आहे. माझ्यासारख्या माणसाला दोन मिनिटं तोंड बंद ठेवणं म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा. जिभेवर बायबलची वचनं येत होती, ती मी गिळत होतो. खाली भाजीवाला येऊन ओरडून गेला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. गुडघे आखडले. आपण इथे मूर्खासारखे बसलोय, हे कसलं पाळकपण, असंही वाटून गेलं.

मग तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "साहेब, बटण म्याच बांधलं व्हतं."

त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. काम लवकर उरकावं म्हणून त्याने एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. हे कोणाला माहीत नव्हतं, बायकोलाही नाही. सगळे त्याची कीव करत होते आणि त्या प्रत्येक शब्दाने तो आणखी आत रुतत होता. मी तर त्याला आभार मानायला सांगून आलो होतो. तो रडला, बायको स्वयंपाकघरातून येऊन त्याच्यापाशी बसली, आणि तो तासभर बोलत राहिला. मी एकूण चार-पाच वाक्यं बोललो असेन. निघताना मी न सांगताही तो जिन्यापर्यंत सोडायला आला.

पुढच्या सोमवारी तो स्टोअरच्या कामावर रुजू झाला. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी भर बाजारात उभा होतो. मी तिथेच मोठ्याने प्रभूची स्तुती केली. टोमॅटोवाला दचकला, पण मला त्याची पर्वा नव्हती.

ही गोष्ट मी त्याच्या परवानगीने सिस्टरना सांगितली. त्या म्हणाल्या की मग आम्हाला शिकवायला त्यालाच बोलवा. मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने एका दिवसाचा विचार केला, आणि शनिवारची सुट्टी टाकून आला.

आम्हा बारा-तेरा पाळकांसमोर तो उभा राहिला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, की पडलेल्या माणसाला पाळक दारात आले की काय वाटतं. चपला काढायच्या आधीच ते बोलायला लागतात हे सांगितलं. डोळे मिटून प्रार्थना करतात, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसत नाही, हेही सांगितलं. माझ्या पहिल्या भेटीचं त्याने काही झाकून ठेवलं नाही. प्रत्येक शब्द मला लागत होता आणि तरी माझी छाती अभिमानाने भरून आली होती. बावीस वर्षांत मी इतका चांगला उपदेश ऐकलेला नाही, माझे स्वतःचे धरून.

बटणाचं सांगून झाल्यावर तो पाणी प्यायला थांबला. आमच्या देहूरोडच्या साहेबांना वाटलं, झालं. ते सवयीने उठले, घसा खाकरला, आणि आता आपण सर्वांनी प्रार्थना करू या म्हणून दोन्ही हात वर केले.

त्याने ग्लास खाली ठेवला.

"बसा साहेब," तो म्हणाला. "माजं अजून झालं न्हाई."

साहेब बसले.