भिंगबाईची एकटीची दुरुस्ती

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. चष्म्याचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मी काचा बदलून विचारतो, "हे बरं की ते बरं?" आणि ते म्हणतं, "दोन्ही सारखंच." तेवीस वर्षं हे ऐकल्यावर डोकं तापणार नाही तर काय होईल?

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे. तिला सगळे भिंगबाई म्हणतात. मी चष्मेवाला म्हणून नाही. ती वेळापत्रकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. एकदा तीन जणांच्या हाताखालून गेलेल्या पानावर तिला पहाटे पाच वाजून एकाहत्तर मिनिटांनी सुटणारी गाडी सापडली. तेव्हापासून ती भिंगबाई. पुढे छापखाना बंद पडला, ती घरी बसली, आणि पहिल्या पंधरा दिवसांत तिने विजेच्या बिलापासून माझ्या खोकल्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यांच्या चुका काढल्या. शेजारणीने कौतुकाने दाखवायला आणलेल्या लग्नपत्रिकेतल्याही काढल्या. शेजारीण महिनाभर बोलत नव्हती.

शेवटी लेकीनेच तिला कामाला लावलं. लेक संगणकाची कामं करते, दुसऱ्या गावी असते. फोनवर म्हणाली, "आई, एक पॅकेज मॅनेजर आहे, त्याची माहितीची पानं चुकांनी भरली आहेत. कोणी पैसे देणार नाही, पण चुका भरपूर मिळतील." मी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण तोवर भिंगबाईचे डोळे चमकले होते.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय, ते मला समजलं तेवढं सांगतो. संगणकात नवा प्रोग्राम हवा असला की हा तो आणतो, बसवतो, त्याच्या जोडीला लागणारे बारीकसारीक प्रोग्रामही आणतो, आणि नको झाले की काढून टाकतो. भांडारावरचा कारकून म्हणा ना. त्या कारकुनाला काय सांगायचं, सांगितल्यावर तो काय करेल, हे त्या पानांवर लिहिलेलं असतं. लिहिणारे हौशी, दुरुस्त करणारेही हौशी, आणि वाचणारे कुठले कुठले लोक.

भिंगबाईने इस्त्रीच्या टेबलावर एक जुना संगणक मांडला. त्याला ती "कोरं मशीन" म्हणायची. त्यात स्वतःचं काही ठेवायचं नाही, नवख्या माणसाचा असतो तसा तो असायला हवा. पानावर जो आदेश असेल तो टिंबासकट मोठ्याने वाचायचा, जसाच्या तसा त्या मशीनवर टाइप करायचा, आणि पानावर लिहिलंय तेच घडतं का ते बघायचं. नाही घडलं तर पान चूक. छापखान्यातली सवयच ती. संध्याकाळी मी घरात शिरायचो तर आतून आवाज: "आडवी रेघ, आडवी रेघ, मोकळी जागा..." पाहुण्यांना वाटायचं, बाई जप करतायत.

"कोण वाचतं गं ही पानं?" मी चिडवायचो.

"ज्याचं अडतं तो वाचतो," ती कपाळ चोळत म्हणायची. डोकं दुखायचं तिचं. मी म्हणायचो, कमी वाच. चष्मेवाल्याचा सल्ला, फुकट.

त्या मंडळींची एक पद्धत होती. कोणीही दुरुस्ती केली तरी दुसऱ्या माणसाने ती तपासून होकार दिल्याशिवाय ती पानावर चढायची नाही. चार वर्षं भिंगबाईची प्रत्येक दुरुस्ती अशीच गेली, सहाशेच्या वर. मग एका शुक्रवारी कामाच्या प्रमुखाचं पत्र आलं: तुमची चूक आजवर सापडलेली नाही, यापुढे तुम्हाला दुसऱ्याच्या होकाराची गरज नाही. तिने ते मला तीनदा वाचून दाखवलं. लेकीला फोन केला. छापखान्यात वीस वर्षांत तिला एवढं कोणी म्हटलं नव्हतं. शनिवारी तिने पहिली एकटीची दुरुस्ती पानावर चढवली. "साफसफाईचं पान," ती जेवताना म्हणाली. "उगाच घाबरवणारं काहीतरी लिहून ठेवलं होतं, काढून टाकलं."

सोमवारी दुपारी माझ्या दुकानातल्या संगणकाने जागा संपल्याचं सांगितलं. नोंदीच जतन होईनात. तो मागे भिंगबाईनेच जुन्या नोंदींसकट नव्याने बसवून दिलेला, त्याच्यातही तोच कारकून. मी तिला फोन लावणार होतो, पण मनात आलं, चार वर्षं टिंगल केली, आज आपणच तिचं पान वाचून काम करू आणि संध्याकाळी सांगू. तिचं हसू मला आत्ताच दिसायला लागलं होतं.

पानावर लिहिलं होतं: "हा आदेश वापरात नसलेले प्रोग्राम त्यांच्यातल्या माहितीसकट काढतो. काढण्याआधी तो यादी दाखवतो आणि विचारतो. नुसती यादी पाहायची असल्यास नकार द्या." वा! मी अक्षर अन् अक्षर जुळवून टाइप केलं, बटण दाबलं, आणि नकार द्यायला बोट तयार ठेवून बसलो.

त्याने विचारलंच नाही. पडद्यावर ओळी भराभरा वर सरकल्या आणि थांबल्या. मी चष्म्याच्या नोंदींचा प्रोग्राम शोधला. नव्हता. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं, चार हजारांवर माणसांच्या डोळ्यांचे नंबर, सगळं गायब. जुनी कार्डं मी कधीच रद्दीत घातली होती. नक्कल? ठेवत होतो की, दर शनिवारी, न चुकता. त्याच प्रोग्रामच्या कप्प्यात. हसा खुशाल.

लेकीला दुकानातूनच फोन केला, आईला सांगू नकोस असं बजावून. तिने खोदून खोदून विचारलं, मग म्हणाली, "बाबा, ते परत नाही येणार."

घरी भिंगबाई गुणगुणत होती. "अहो, आज चेहरा का असा?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

त्या वेळी माझी खात्री होती की चूक माझीच. तिचं पान चुकेल हे डोक्यातसुद्धा येत नव्हतं. मंगळवारी शिंपीकाका आले. स्वतःच्याच चष्म्यावर बसून तो मोडला होता, सुईत दोरा जाईना, हातात उद्या द्यायचे दोन कोट. "नंबर आहे ना तुमच्याकडे?" मी सांगितलं, मशीन दुरुस्तीला गेलंय. त्यांचे दोन्ही डोळे दोन तऱ्हेचे, नंबर पकडायला सव्वा तास लागला, आणि शेवटी ते म्हणाले, "दोन्ही सारखंच." मी आवाज चढवला. त्या बिचाऱ्यावर!

बुधवारी राहवलं नाही. प्रत्येक पानाखाली त्याची जुनी रूपं बघायची सोय असते, ती उघडली. आठवड्यापूर्वी तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: "सावधान. हा आदेश न विचारता काढतो." खाली कोणी बदललं त्याचं नाव. दुसऱ्याच्या होकाराच्या जागी काही नाही.

माझं गेलं ते गेलंच होतं. पण पान तिथेच होतं. मी ज्या घडीला ते वाचत होतो, त्याच घडीला आणखी कोणीतरी वाचत असेल, नकार द्यायला बोट तयार ठेवून. माझ्याकडे चष्म्याचे नंबर होते. दुसऱ्याकडे दवाखान्याच्या तपासण्या असतील, शाळेचे निकाल असतील. आणि हे फक्त मला माहीत. सांगावं तर पहिल्याच एकटीच्या दुरुस्तीत ती तोंडघशी पडणार, तेही नवऱ्याच्या तोंडून. न सांगावं तर लोकांचं वाटोळं. लाज वाटते सांगायला, तरी मी ती संध्याकाळ गप्प बसून काढली. समोर बसून आमटीत चमचा ढवळत राहिलो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

गुरुवारी दुकान बंद असतं. सकाळी चहा झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अशक्य," भिंगबाई म्हणाली. "मी तीनदा करून बघितलंय." ती उठली, कोऱ्या मशीनवर आदेश टाइप केला. यादी आली. खाली प्रश्न: काढू का? "बघा. विचारतंय. तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलंत."

"मी चुकीचं दाबलं?" झालं, माझं डोकं सटकलं. "तीन रात्री मी झोपलेलो नाही! तुझं नाव खराब होऊ नये म्हणून तोंड शिवून बसलो, आणि मीच चुकीचं दाबलं? तेवीस वर्षं पाव पाव नंबर मोजतोय, मला एक ओळ उतरवून काढता येत नाही?"

ती पडद्याकडेच बघत होती. मग तिने त्या मशीनची कुठलीशी फाइल उघडली, खालपर्यंत गेली आणि बोट ठेवलं. एक ओळ होती. कारकुनाला दिलेली सूचना: दर वेळी आधी विचार.

"ही मी घातली," ती अगदी हळू म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी. याच आदेशाने माझी अर्धी लिहिलेली पानं गेली होती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून घातली, आणि विसरले. अहो, मशीन कोरं नव्हतंच. मला विचारत होतं ते, लोकांना नाही."

तिने ठळक अक्षरांतली जुनी ओळ परत लिहिली. आता दुसऱ्याच्या होकाराची वाट बघायची तर अर्धा दिवस जाणार, म्हणून एकटीच्या अधिकारात लगेच पानावर चढवली. लगोलग सगळ्यांना पत्र लिहिलं: शनिवारपासून आज सकाळपर्यंत हे पान चुकीचं होतं, चूक माझी आहे, ज्यांचं काही गेलं असेल त्यांनी कळवावं. आणि प्रमुखाला वेगळं: माझा अधिकार काढून घ्या.

मग आम्ही दोघं त्या इस्त्रीच्या टेबलाशी बसून राहिलो. पत्र आल्याची खूण वाजली की तिचा जीव टांगणीला. पहिला माणूस शाळेच्या ग्रंथालयातला होता, आज दुपारी करणार होता, थांबला. दुसऱ्याचं गेलं होतं, पण त्याची नक्कल वेगळ्या जागी होती. भिंगबाईने दोघांची माफी मागितली. प्रमुखाने लिहिलं, अधिकार राहू द्या, अशी चूक कोणाचीही होते. तिने उलट लिहिलं, "नको. मी दुसऱ्या कोणाला तरी बघायला दिलं असतं तर त्याने आपल्या मशीनवर करून बघितलं असतं." आणि विषय मिटवला.

जेवणं लांबली होती. ती म्हणाली, "तुमचं काय काय गेलं?"

"थोडंसं."

"अहो."

"सगळं," मी म्हणालो. "लेक म्हणाली, तो नोंदींचा प्रोग्राम जुन्या छपाईच्या प्रोग्रामबरोबर आला होता. तो छपाईचा आपण मागे काढला ना, त्यामुळे तुझ्या कारकुनाला वाटलं, आता याला कोणी विचारत नाही."

तिने पायात चपला घातल्या. बंद दुकानाचं शटर मला अर्धं वर करायला लावलं, वाकून आत शिरली, आणि थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली. "चार हजार लोक पुन्हा तपासायचे आहेत ना? मी रोज दुपारी येईन, फोन करून बोलावीन. सुरुवात माझ्यापासून करा. माझाही नंबर गेलाच असेल."

"तुझा मला पाठ आहे," मी म्हणालो आणि आकडे घडाघडा सांगितले.

"पाठ असलेलं नको आता. तपासा."

मी तिच्या नाकावर चाचणीची चौकट ठेवली, पाठ असलेल्या नंबराच्या काचा घातल्या, तक्त्यावरचा दिवा लावला. तिने वरच्या तीन ओळी वाचल्या. चौथीला अडखळली. पाचवी तिला दिसेना. मी काच बदलली. आणखी एक बदलली. नंबर बराच पुढे गेला होता, आणि अशा डोळ्यांनी ती चार वर्षं टिंब अन् टिंब वाचत होती. मी दर वर्षी तिला नवी चौकट करून द्यायचो, आवडीने, आणि काचा बसवायचो जुन्या नंबराच्या. घरचंच माणूस, कशाला खुर्चीत बसवा? नोंदीत मात्र दर वर्षी तारीख घालून लिहायचो: तपासला.

नवीन काचांतून तिने शेवटची ओळ सरळ वाचून काढली.

"किती फरक पडला हो," ती म्हणाली. "मागच्या वर्षी किती होता?"

नोंद तर गेली होती. मी काहीही सांगितलं असतं तरी तिने मान डोलावली असती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली, मी तुझा नंबर तपासलेलाच नाही."